प्रौढ न होणारी पेशी आणि सोमल

कर्करोगाची पेशी म्हणजे बेफाम वाढणारी पेशी, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खोटी नाही, परंतु अपुरी आहे. निरोगी शरीरात पेशीचे मरणही जननाइतकेच नियमित असते. अस्थिमज्जेत जन्मलेली श्वेतपेशी प्रौढ होते, रक्तात उतरते, आपले काम करते आणि यथाकाल मरते. हा क्रम सांभाळणारी काही प्रथिने केंद्रकात असतात. डी.एन.ए.ला चिकटून कोणते जनुक केव्हा वाचले जावे हे ती ठरवितात. त्यांस प्रतिलेखन घटक म्हणतात. असा घटक बिघडला म्हणजे पेशी मरणाची वाटच विसरते. तीव्र प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग त्याचे बोलके उदाहरण होय.

या रोगात १५ व १७ या क्रमांकांच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते, हे शिकागो येथील जॅनेट राउली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली दाखविले. सांध्यावर दोन जनुके जुळून एक जोडप्रथिन निपजते. त्याचा एक भाग पी.एम.एल. नामक प्रथिनाचा, तर दुसरा रेटिनॉइक आम्लाच्या ग्राहकाचा असतो. हे आम्ल 'अ' जीवनसत्त्वापासून बनते आणि त्याचा ग्राहक हा मूळचा प्रतिलेखन घटकच आहे. आम्ल मिळताच तो प्रौढत्वाची जनुके खुली करतो. जोडप्रथिन मात्र शरीरातील अल्प आम्लाला दाद देत नाही व ती जनुके बंदच ठेवते. पेशी अर्ध्या वाटेवर थबकते. ती ना प्रौढ होते, ना मरते.

अशा पेशीला विषारी औषधांनी मारावे, एवढाच उपाय पूर्वी ठाऊक होता. शांघायच्या वांग झेन्यी यांनी तिला प्रौढ करण्याचा विचार केला. ऑल-ट्रान्स रेटिनॉइक आम्ल मोठ्या मात्रेत दिलेल्या २४ रुग्णांचा वृत्तांत त्यांच्या गटाने १९८८ साली प्रसिद्ध केला. सर्वांचा रोग ओसरला. एकालाच जोडीस दुसरे औषध द्यावे लागले. पेशी मारल्या गेल्या नव्हत्या. त्या वयात आल्या आणि आपल्या मरणाने मेल्या.

दुसरे औषध चीनमधील हार्बिन येथून आले, आणि ते आपल्याकडे उंदीर मारण्यासाठी ओळखला जाणारा सोमल होय! सोमल जोडप्रथिनाच्या पी.एम.एल. भागाला चिकटतो आणि पेशी ते प्रथिन स्वतःच मोडून टाकते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील डॉक्टरांनी ७२ रुग्णांना केवळ सोमल देऊन उपचार केल्याचे २००६ साली प्रसिद्ध केले. सुमारे ८६ टक्के रुग्णांत रोग पूर्णपणे ओसरला. पुढे २०१३ साली इटली व जर्मनीतील चाचणीत, फार तीव्र धोका नसलेल्या रुग्णांना ही दोन्ही औषधे एकत्र दिली गेली. रोग न उलटता दोन वर्षे काढणाऱ्यांचे प्रमाण त्यांच्यात ९७ टक्के भरले. प्रचलित रसायनोपचारासह आम्ल घेणाऱ्यांत ते ८६ टक्के होते.

प्रतिलेखन घटकांवर औषध चालत नाही, हे मत पुष्कळ काळ प्रचलित होते. या रोगाने ते सरसकट मानता येत नाही हे सिद्ध केले. अर्थात बिघडलेले प्रथिन मोडणे सोपे. अनेक कर्करोगांत पी-५३ हा मरणाची आज्ञा देणारा घटकच निकामी झालेला असतो, आणि गमावलेले परत आणणे कितीतरी कठीण आहे.

परंतु जे हाती आले आहे, ते तरी रुग्णापर्यंत वेळेवर पोहोचावयास हवे. या रोगात रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि पहिल्या काही दिवसांतच मेंदूतील रक्तस्रावाने रुग्ण दगावू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने आम्ल २०१५ साली व सोमल २०१९ साली आवश्यक औषधांच्या यादीत घेतले. तेवढ्याने जिल्हा रुग्णालयाचे कपाट भरत नाही. महानगरातील प्रयोगशाळेचा गुणसूत्र-अहवाल येईपर्यंत थांबणे हे शास्त्रीय सावधपणाचे लक्षण मानणे चूक आहे. काचपट्टीवरील रक्तात संशयास्पद पेशी दिसल्या, की आम्लाची पहिली मात्रा त्याच दिवशी दिली जावी. अहवाल मागाहून येईल, आणि संशय खोटा ठरल्यास औषध थांबविता येईल.