जुन्या वाड्यांची नाडीपरीक्षा

पावसाळा तोंडावर आला की आपल्या इंदुरातील जुन्या वाड्यांच्या दारांवर नोटिसा लागू लागतात: मकान जीर्ण झाले आहे, रिकामे करावे, उतरवून घ्यावे. नोटीस वाचताच घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, पाडून मोकळे व्हा. दुसरा म्हणतो, आजोबांच्या आधीपासून उभा आहे, त्याला काही होत नाही. वाड्याला प्रत्यक्षात काय झाले आहे, हे मात्र दोघांनाही ठाऊक नसते.

हे मी लोकांना शहाणपण शिकविण्यासाठी लिहीत नाही. माझा गाण्याचा वर्ग अशाच एका वाड्याच्या माडीवर भरतो. काही वर्षांपूर्वी तेथील भिंतीला ओल दिसू लागली, म्हणून चुन्याचा गिलावा उकरून मी सिमेंटचा करवून घेतला. भिंत आरशासारखी झाली व मी खूष झालो. तिसऱ्या पावसाळ्यात तंबोरे ठेवतो त्या कोपऱ्यातली जमीन पायाखाली दबली. सुतार आला. खालच्या खोलीत शिडी लावून तो हातोडीच्या दांड्याने तुळई ठोकीत भिंतीकडे सरकू लागला. मधोमध लाकूड खणखणीत बोलत होते. भिंत हातभर राहिली आणि आवाज बद्द झाला. तेथे त्याने पटाशी टोचली, ती लोण्यात जावी तशी आत गेली.

माझे वडील राजघराण्याच्या पदरी पखवाज वाजवीत. धुमाला कणीक किती लावायची हे ते एका थापेवरून ठरवीत. त्यांचा मुलगा त्या तुळईवर वीस पोरे बसवून त्यांचे स्वर तपाशीत होता, आणि तुळईवर एकदा बोट वाजवून पाहणे काही त्याला सुचले नाही!

चूक कशी झाली ते पुढे उमगले. भिंतीत पाणी येत होते ते वरच्या फुटक्या पन्हळीतून. चुन्याच्या गिलाव्यातून ते उन्हाळ्यात वाळून तरी जाई. सिमेंटने ती वाट बुजविली. ओल थांबली नाही, केवळ दिसेनाशी झाली, आणि भिंतीत पुरलेले तुळईचे टोक ती पीत राहिले. दुरुस्त करायची होती पन्हळ. मी केली भिंत.

आता आपल्या राजवाड्याकडे पाहा. सात मजल्यांपैकी खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. १८०१, १९०८ आणि १९८४ अशा तीन आगी त्याने सोसल्या. शेवटच्या आगीनंतर दर्शनी भाग उभा राहिला; मागचा भाग २००७ च्या सुमारास जुन्या पद्धतीने पुन्हा उभारण्यात आला. अशा वास्तूची परीक्षा नुसत्या नजरेने होत नाही. लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते; दगड त्या मानाने स्थिर, म्हणून दोघांच्या सांध्यांकडे आधी पाहावे लागते. शिवाय नजर फसते ती दोन्हीकडून. वरून कोळसा झालेल्या जाड खांबाचा गाभा पुष्कळदा धड असतो, आणि वाळवीने पोखरलेला खांब रंग दिला की नवरदेवासारखा दिसतो.

भेगांचेही तसेच. भेग आहे म्हणजे धोका आहे असे नाही. ती वाढते आहे काय, हा खरा प्रश्न. त्यासाठी जुनी युक्ती अशी, की भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी पक्की चिकटवून शेजारी तारीख लिहावी. काच तडकली तर भेग जिवंत आहे. मात्र एक पावसाळा व एक उन्हाळा तरी जावा लागतो. आठ दिवसांत निकाल मागणाऱ्याला ही विद्या उपयोगाची नाही. आज याहून सूक्ष्म साधने आहेत. कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी दगडातून वा लाकडातून सोडून त्या किती वेळात पलीकडे पोहोचतात हे मोजतात. आत पोकळी असली तर लहरींना वळसा पडतो व वेळ अधिक लागतो. सुईसारख्या बारीक गिरमिटाने लाकूड कोठे नरम पडले तेही कळते. तत्त्व आमच्या सुताराचेच.

म्हणून माझे मागणे एवढेच, की कोणतेही मकान जीर्ण ठरविताना काय तपासले, कोठे तपासले, कोणत्या महिन्यात तपासले, हे नोटिशीबरोबर लेखी द्यावे. ते मिळत नसेल तर घरच्यांनी मागावे. आणि पाडायचे नाही असे म्हणणाऱ्यांनीही तीच परीक्षा स्वतःच्या खर्चाने करवून घ्यावी. वीस पोरे माडीवर बसवायची, तर नुसता अभिमान पुरत नाही.

आमच्या तुळईचे कुजके टोक कापून सागाचा नवा तुकडा सांधला. बाकीची तुळई धड निघाली. पन्हळ बदलली, भिंतीला पुन्हा चुना लावला. भिंतीवर आता डाग दिसतात, ते मी दिसू देतो. तीन भेगांवर काचा बसविल्या होत्या, त्यांतली जिन्याजवळची गेल्या श्रावणात तडकली. जुन्या बांधकामाचा जाणता इंजिनिअर पाहून जाईपर्यंत वर्ग खाली ओसरीवर भरतो आहे.