फायलीतला कागद आणि फ्रेममधला हात



गेल्या उन्हाळ्यात माझी भाची आमच्याकडे सुट्टीला आली होती. बारावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली मुलगी, दिवसभर पुस्तकात डोके. विहारातल्या वाचनालयातून तिने 'द दा विंची कोड' या कादंबरीचा मराठी अनुवाद आणला होता. जेवतानाही तो मांडीवरून खाली ठेवत नव्हती. तिसऱ्या दिवशी पुस्तक संपले आणि मला म्हणाली, "मामा, आपल्या घराण्यात काही गुपित आहे का रे?"

मी हसलो. म्हटले, "बाई, घराणं म्हणण्याइतकं आपल्याकडं आहे काय? दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं वाढली. गुपित ठेवायला जागा कुठं होती?"

बोलून गेलो खरा, पण रात्री मीच ते पुस्तक उघडले आणि पहाटे दोनपर्यंत वाचत बसलो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात लेट मार्क. त्यामुळे या पुस्तकांची ओढ मला कळत नाही असे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही.

डॅन ब्राउन या अमेरिकन लेखकाची ही कादंबरी २००३ साली आली. १०५ छोटी छोटी प्रकरणे, प्रत्येकाच्या शेवटी काहीतरी लटकत ठेवलेले. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाच्या वृद्ध अधिकाऱ्याचा खून होतो आणि मरताना तो आपल्या नातीसाठी खुणा ठेवून जातो. येशू ख्रिस्ताचा वंश पुढे चालू राहिला आणि एका गुप्त संघटनेने तो शतकानुशतके जपला, अशी सारी कल्पना. जगभर वाद झाला तो या कल्पनेवरून. मला मात्र पकडून ठेवले त्या नातीने. दहा वर्षे ती आजोबांशी बोललेली नाही, त्यांची पत्रे तिने फोडलेलीसुद्धा नाहीत. शेवटी (ज्यांना वाचायचे आहे त्यांनी रागावू नये) अपघातात मेले म्हणून सांगितलेले तिचे आजी आणि भाऊ तिला स्कॉटलंडमध्ये जिवंत भेटतात आणि ती स्वतःच त्या वंशातली निघते.

आपल्याला लहानपणी घरचे चिडवायचे, तुला बोहारणीकडून जुन्या कपड्यांवर घेतलं. आपण रडायचो. पण मार बसला की अंधारात पडून वाटायचे, खरेच असेल तर? माझे खरे आईबाप कुठे मोठ्या बंगल्यात असतील तर? ही पुस्तके त्या मुलाशी बोलतात. दिवसभर साहेबाच्या सहीची वाट पाहणाऱ्या माणसाला ती सांगतात की, तुझ्याबद्दलची एक मोठी गोष्ट कुणीतरी मुद्दाम दडवून ठेवली आहे.

आणि ती गोष्ट दर वेळी मोठीच निघते. इथे मी अडखळतो. हिंदी सिनेमातला हमालाचा पोरगा शेवटच्या रिळात ठाकूरसाहेबांचा निघतो आणि आपण टाळ्या वाजवतो. हमालाचा पोरगा हमालाचाच निघाला, तर चालत नाही. जन्मावरून माणूस मोजण्याविरुद्ध आपल्या वाडवडिलांनी आयुष्ये घातली, आणि तिकीट काढून आपण बघतो काय, तर रक्ताचा विजय!

आता त्या गुप्त संघटनेविषयी. प्रायरी ऑफ सायन हे तिचे नाव. (आपल्या सायन स्टेशनाशी संबंध नाही.) कादंबरीच्या सुरुवातीलाच एका पानावर 'हे सत्य आहे' म्हणून छापले आहे की, ही संघटना १०९९ साली स्थापन झाली आणि तिची गुप्त कागदपत्रे पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात सापडली. कागदपत्रे ग्रंथालयात होती हे खरे. पण ती तिथे गेली कशी? पिएर प्लांतार नावाचा एक साधा आराखडे काढणारा कर्मचारी. त्याने काही जणांना घेऊन १९५६ साली फ्रान्समधल्या एका लहान गावच्या सरकारी कचेरीत या नावाची संस्था नोंदवली. तिच्या बुलेटिनात विषय कसले, तर स्वस्त भाड्याच्या घरांत राहणाऱ्यांचे हक्क! म्हणजे आपल्या भाडेकरू संघासारखेच काम. तिथेच तो टिकता तर मी आज त्याच्यावर आदराने लिहिले असते. पण याला व्हायचे होते राजा. त्याने आणि साथीदारांनी खोट्या वंशावळी तयार केल्या, तेराशे वर्षांपूर्वीच्या फ्रेंच राजांशी स्वतःचे नाते जोडले आणि १९६० च्या दशकात ते कागद राष्ट्रीय ग्रंथालयात जमा केले. १९८२ साली तीन लेखकांनी त्यांच्या आधारे जाडजूड इंग्रजी पुस्तक लिहिले. १९९३ साली न्यायाधीशापुढे प्लांतारने हे सारे रचलेले असल्याचे कबूल केले. २००० साली तो वारला. कादंबरी त्यानंतरची!

मी कारकून आहे. फायलीत कागद कसा जातो ते मला विचारा. एकदा आवक क्रमांक पडला, शिक्का बसला की तो कागद खरा. वीस वर्षांनी तो काढणारा असे विचारत नाही की, हा टेबलावर आणून ठेवला कुणी. आमच्या अण्णांची जन्मतारीख १ जून, काकांची १ जून, थोरल्या आत्याचीही १ जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिली, तीच पेन्शनपर्यंत चालली. आणखी पन्नास वर्षांनी एखादा कादंबरीकार यात नक्की कट शोधील.

भाचीला हे सांगितले तेव्हा तिचा थोडा विरस झाला. मग मी तिला दुसऱ्या एका पुस्तकाची गोष्ट सांगितली, भयंकर भाग गाळून. स्टीग लार्सन हा स्वीडनचा पत्रकार. वंशश्रेष्ठत्व सांगणाऱ्या टोळ्यांविरुद्ध लिहिण्यात त्याचे आयुष्य गेले. २००४ साली तो वारला आणि 'द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू' म्हणून गाजलेली त्याची कादंबरी पुढच्या वर्षी निघाली. मूळ स्वीडिश नावाचा अर्थ 'स्त्रियांचा द्वेष करणारे पुरुष'. बड्या उद्योगपतीच्या पुतण्याची मुलगी १९६६ साली नाहीशी होते. तो म्हातारा तिचा खून झाला असे धरून चाललेला असतो, आणि दर वाढदिवसाला त्याला एक वाळवलेले फूल येत राहते. या घरातले गुपित मात्र अभिमानाचे नाही. मुलगी स्वतःच्या बापाच्या आणि भावाच्या अत्याचारातून पळालेली असते. एका नात्यातल्या बहिणीने तिला मदत केली आणि वर्षानुवर्षे तोंड उघडले नाही. सारे उघड झाल्यावरही, तिच्याच इच्छेखातर, तो पत्रकार ते छापत नाही. हे मला पटले नाही आणि नाहीही म्हणवले नाही.

आई मेथी निवडत ऐकत होती. म्हणाली, "एकीनं तरी मदत केली ना. बास झालं."

भाची एकदम उठली आणि भिंतीवरच्या आई-अण्णांच्या लग्नाच्या फोटोपाशी गेली. "आजी, या कडेला बांगड्या भरलेला हात आहे. कुणाचा गं?"

चाळीस वर्षे मी तो फोटो पाहतो आहे. हात दिसत होता. विचारले कधीच नाही.

"धाकट्या आत्याचा," आई म्हणाली. मान वर न करता तिने सांगितले. सासरी मारायचे, दोनदा माहेरी आली, दोनदा आजोबांनी परत नेऊन घातली. तिसऱ्यांदा ती इकडे आलीच नाही. इस्पितळात आयाबाईची नोकरी धरली, पुढे दुसरे लग्न केले. आजोबांनी फोटो दुमडून पुन्हा फ्रेममध्ये घातला. त्यानंतर घरात तिचे नाव नाही. मी तेव्हा तीन वर्षांचा होतो.

"आता कुठंय ती?"

"आहे की. दर सहा डिसेंबरला दादरला भेटतो आम्ही. पांढऱ्या साडीतल्या एवढ्या बाया, कोण कुणाला ओळखतंय?"

"अण्णांना माहीत होतं?" मी विचारले. अण्णांना जाऊन सहा वर्षे झाली.

"पहिल्या वर्षी त्यांनीच पन्नास रुपये दिले तिला द्यायला. वर म्हणाले, मला काही सांगू नकोस. तुझ्या थोरल्या आत्यालाबी माहीत हाय, शेजारच्या काकूलाबी."

भाचीने माझ्याकडे पाहिले. मग फ्रेम खाली घेऊन ती चमच्याच्या दांड्याने मागचे खिळे उचकटू लागली. घडी उलगडली तेव्हा रेघ बरोबर आत्याच्या खांद्यावरून गेलेली दिसली. चेहरा शाबूत होता. सतरा-अठराची असेल, भाचीएवढी.

"खिळे टाकू नको गं," आई म्हणाली, "परत लावायला लागतील."