शिट्टीची मजुरी

भात घरात आले, कार्तिक लागला, की मालवण-वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात दोन गोष्टींना ऊत येतो : दशावताराला आणि कबड्डीला. दशावतारातल्या राजाला 'नाईट' मिळते. थोडी का होईना, पण मिळते. कबड्डीच्या मैदानावरील राजाला, म्हणजे पंचाला, काय मिळते याची मात्र कोणी वास्तपुस्त करीत नाही.

वाचकहो, पंच म्हणजे एकटा इसम नव्हे. नियमाप्रमाणे एका सामन्याला सहा माणसे लागतात : एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक आणि त्याचे दोन सहाय्यक. पुरुषांचा सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांचा. चढाई तीस सेकंदांची. तेवढ्यात बोनस रेषा ओलांडताना मागचा पाय हवेत होता काय, बोटाचे टोक लागले काय, हे उघड्या डोळ्यांनी पाहायचे. टेलिव्हिजनवरच्या लीगमध्ये शंका आली तर चित्रफीत पुन्हा फिरवून पाहतात. गावात ते काम कुंपणावर बसलेली पोरे करतात, आणि त्यांचा निकाल ठरलेला असतो : "ह्येका पंच कोणी केल्यान?"

हा पंच दिवसा कुठे शाळामास्तर असतो, कुठे कचेरीत कारकून. राज्य संघटनेची पंच परीक्षा त्याने अभ्यास करून दिलेली असते. संध्याकाळची एस.टी. धरून तो परगावी जातो, मध्यरात्र उलटेपर्यंत शिट्टी फुंकतो आणि सकाळी पुन्हा हजेरीपटावर सही करतो. या खटाटोपाबद्दल हाती पडते ते 'मानधन'. शब्द मोठा हुशार आहे. त्यातला मान नारळाबरोबर व्यासपीठावर देता येतो. धनाचे काय, ते खर्चवेच भागल्यावर पाहतात. गावच्या सरपंचाला सरकार दरमहा मानधन देते. मैदानावरच्या सरपंचाचे मानधन पुष्कळदा मंडळाच्या उरल्यासुरल्या शिलकीवर अवलंबून.

बरे, खेळात पैसा नाही म्हणावे, तर तसेही नाही. 2014 साली प्रो कबड्डी सुरू झाली, तेव्हा सर्वांत महाग खेळाडूला 12 लाख 80 हजार मिळाले. 2023 च्या लिलावात हा आकडा 2 कोटी 60 लाख 50 हजारांवर गेला. चढाई करणारा कोटीत गेला. त्याची चढाई खरी की खोटी हे गावोगाव ठरविणारा मात्र एस.टी.च्या तिकिटातच राहिला.

फुटबॉलवाल्यांची कथाही फार वेगळी नव्हती. 1891 पर्यंत त्यांचा रेफरी मैदानाबाहेर उभा असे. दोन्ही बाजूंच्या पंचांचे जमले नाही, तरच त्याला विचारीत. पुढे तो आत आला, पण पोटासाठी नोकरी करीतच राहिला. लाल-पिवळ्या कार्डांची युक्ती काढणारे केन ॲस्टन शाळेत शिकवीत. इंग्लंडमध्ये वरच्या लीगच्या रेफरींना पूर्णवेळ पगारी नोकरी मिळाली ती 2001 साली. 2010 च्या विश्वचषकाचा अंतिम सामना चालविणारे हॉवर्ड वेब हे मूळचे पोलीस खात्यातले.

तिथली एक गोष्ट घेण्याजोगी आहे. रेफरीचा मेहनताना क्लबच्या हातून येत नाही. वरची संस्था देते. आपल्याकडे यजमान मंडळाचाच संघ खेळतो आणि पुष्कळदा त्याच मंडळाचा खजिनदार शेवटी पाकीट देतो. पंच कितीही सचोटीचा असो. यजमान हरले आणि पाकीट हलके निघाले, तर पुढच्या वेळी शिट्टी ओठाशी नेताना त्याच्या मनात काय येईल? आणि यजमान जिंकले, तर हरलेल्यांना ते पाकीट जडच वाटणार. म्हणजे पंचाची अब्रू दोन्हीकडून जाते.

यावर उपाय काही अवघड नाही. स्पर्धेच्या जाहिरातीत पहिले बक्षीस, दुसरे बक्षीस, उत्कृष्ट चढाईपटू अशी यादी असते. तीतच पंचांचा दर सामन्याचा आकडाही छापावा. ती रक्कम पहिल्या सामन्याआधी जिल्हा संघटनेकडे भरावी आणि संघटनेने पंचांना द्यावी. शेवटची एस.टी. गेलेली असते, म्हणून परतीची गाडी नाहीतर निजायची सोय पाहावी. प्रेक्षक मैदानात घुसले तर त्याला कोण सावरील, हेही आधी ठरवावे.

एवढे केले म्हणून शिव्या थांबतील, असे मात्र नाही. त्या प्रेक्षकांचा हक्क आहेत. पण शिव्या फुकट मिळतात, म्हणून शिट्टीही फुकट मिळावी, असा कायदा कोणत्याही पंचायतीने केलेला नाही.