पऱ्हाटी जाळायची आणि टिनपत्रे विकत घ्यायची?

उलंगवाडी झाली की वऱ्हाडात दोन कामे मागोमाग होतात. वावरातली पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर रचली जाते आणि पेटवून दिली जाते. कापसाचे चार पैसे हाती उरलेच असतील, तर त्याच सुमारास सिमेंटच्या थैल्या, सळाखी आणि टिनपत्रे घेऊन ट्रॅक्टर गावात शिरतो. जळाले ते लाकूडच होते आणि आले ते घराचे सामान. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे आपल्या मनालाही शिवत नाही.

शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो, यात आम्हा कृषी पदवीधरांचाही दोष आहे. बोंडअळीची साखळी तोडायची म्हणून पऱ्हाटी वेळेवर उपटा, नष्ट करा, असे आम्ही गावोगाव सांगत फिरलो. सल्ला खोटा नव्हता. 2017 साली गुलाबी बोंडअळीने विदर्भाचा जो घात केला, तो कुणी विसरलेला नाही. पण "नष्ट करा" एवढे सांगून आम्ही थांबलो. तिचे बारीक तुकडे करून ती विका, हे सांगायला हवे होते. हेक्टरी साधारण दोन ते तीन टन पऱ्हाटी निघते. सिरकॉट या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संस्थेने पऱ्हाटीचे तुकडे दाबून फळ्या तयार होतात, हे फार पूर्वीच दाखवून दिले. ही विद्या प्रयोगशाळेतून धुऱ्यापर्यंत मात्र पोचली नाही.

कच्चा माल द्यायचा आणि पक्का माल घ्यायचा, ही आपली जुनी गोष्ट आहे. 1860च्या दशकात अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्या कापसाला मोताद झाल्या, आणि वऱ्हाडातून रेल्वे धावली. गाठी गेल्या, कापड आले. शरद जोशींनी चतुरंग शेतीत 'माजघर शेती' सांगितली ती याच दुखण्यावर. शेतमालावर पहिला संस्कार शेतकऱ्याच्या घरात व्हावा, असा तिचा अर्थ. आम्ही तो डाळ, पापड, लोणच्यापुरता घेतला. घराच्या भिंती आणि छप्पर हाही शेतमाल होऊ शकतो, हा विचार राहून गेला.

हा विचार काही नवा नाही. आपल्या आजोबांचे घर तुराटी-पऱ्हाटीच्या कुडाचे, बांबूच्या कमच्यांचे, कुंभाराच्या कवेलूंचे होते. शेजारच्या वर्ध्यात देवेंद्रकुमारांच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने कुंभाराच्या चाकावर शंकूच्या आकाराची कवेलू घडवून, ती एकमेकांत बसवून, लाकडावाचून छत उभारले. मेळघाटात धारणी तालुक्यातल्या लवादा येथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी संपूर्ण बांबू केंद्र उभे केले आणि कोरकू तरुणांच्या हाती बांबूची कारागिरी दिली. हात आहेत, माल आहे. अडते कुठे? घर मागणाऱ्याला माप हवे, खात्री हवी आणि वेळेत काम हवे. एकट्या कारागिराला प्रत्येक सांधा नव्याने मापून, नव्याने कोरून हे जमत नाही.

इथे संगणकावर चालणारे यंत्र उपयोगी पडते. त्याचा बाऊ करण्याचे कारण नाही. आज तालुक्याच्या गावीसुद्धा फर्निचरवाला दारावरची नक्षी आणि देव्हाऱ्याची जाळी याच यंत्रावर कापून देतो. पडद्यावर आकृती काढायची, कातणारे पाते त्या रेघेवरून फिरते. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कालबागांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला. अशा यंत्रांची कार्यशाळा तिथे 2002 साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या सहकार्याने उभी राहिली. असली प्रयोगशाळा अमेरिकेबाहेर सगळ्यात आधी सुरू झाली त्या जागांत हे आपले खेडे होते.

मग यंत्र बुरडाच्या पोटावर पाय देईल काय? बांबूच याचे उत्तर देतो. मानवेलाच्या दोन काठ्या सारख्या नसतात. बुडाशी जाड, शेंड्याशी बारीक, मध्ये वाक. यंत्राला एकसारखी फळी कळते, काठीचा वाक कळत नाही. तीन वर्षांची पक्व काठी ओळखणे, ती पावसाळा सरल्यावर तोडणे, पेऱ्याजवळ खाच घेणे हे हाताचेच काम. यंत्राने करायचे ते एवढेच, की छपराच्या प्रत्येक कोनाचा साचा आणि सांध्याची पट्टी अचूक कापून द्यायची. साचा धारणीत कापलेला असो की दर्यापुरात, माप एकच. बुरड आणि सुतार त्या साच्यावर काठी बसवतील. दोघांचा मेळ बसला तर आठवड्याचे काम दोन दिवसांवर येणे अशक्य नाही.

शंका खऱ्या आहेत. बांबूला भुंगा लागतो. म्हणून बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात तो मुरवावा लागतो, जोत्यावर उभा करावा लागतो, आणि पावसाच्या झडीपासून राखायला छपराची वळचण पुढे काढावी लागते. पऱ्हाटीची फळी पाण्यात टिकत नाही. ती आतल्या आडभिंतीला, छताखाली, कपाटाला लावावी, बाहेरच्या भिंतीला नव्हे. पऱ्हाटी हलकी पण जागा फार खाते, ती लांब नेली तर भाडेच नफा गिळते. म्हणून तुकडे गावातच व्हायला हवेत. आणि कुडाचे घर म्हणजे गरिबी, ही आपल्याच मनातली अढी सर्वांत जड आहे. उन्हाळ्यात टिनाखाली दुपार काढणाऱ्या माउलीला विचारा, श्रीमंती कशात आहे ते.

सरकारकडे भीक मागायला आम्ही निघालेलो नाही. वाट अडवू नका, एवढेच म्हणणे आहे. शेतात लावलेला बांबू 2017 साली वन कायद्यातील 'झाड' या व्याख्येतून सुटला, ही बेडी तुटली. बांबूच्या बांधकामासाठी भारतीय मानक संस्थेची संहिता आहे, ती 2018 साली सुधारली गेली. तरीही घरकुलाचे अंदाजपत्रक करताना साहेबांच्या कागदावर वीट, सिमेंट आणि सळाख याखेरीज काही येत नाही. 2016 साली सपाट भागातल्या घरकुलाला 1 लाख 20 हजार रुपये ठरले. त्यातला किती पैसा गावात राहतो आणि किती सिमेंटच्या कारखान्याकडे जातो, याचा हिशेब ज्याने त्याने मांडावा.

खरा प्रश्न मालकीचा आहे. यंत्र येणारच. ते शहरातल्या कंपनीने आणले तर आपण पुन्हा पऱ्हाटी टनावर विकू आणि फळी फुटावर विकत घेऊ. बुरड तिथे रोजंदारीवर जाईल. ते तालुक्याच्या शेतकरी उत्पादक कंपनीने आणले, बुरड आणि सुतार तिचे भागधारक झाले, आकृत्या कुणाच्या कुलपात न ठेवता गावागावांत वाटल्या, तर गोष्ट वेगळी होईल. जिनिंगची आवारे वर्षातले कित्येक महिने रिकामी असतात. तिथे वजनकाटा आहे, वीज आहे, जागा आहे. तुकडे करण्याचे यंत्र बसवायला यापेक्षा सोयीची जागा कुठली?

अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांच्या बैठकीला येताना भाषण लिहून आणू नका. प्रत्येक तालुका शाखेने एक यादी आणावी. आपल्या भागात बुरडकाम करणारी घरे किती, सुतार किती, कुंभाराची चाके किती फिरतात, धुऱ्यावर बांबू किती आहे, कपाशीचा पेरा किती, आणि संगणकी कापणीचे यंत्र कुणाकडे आहे. ही यादी जुळली की पहिली कार्यशाळा कुठल्या तालुक्यात उभी करायची ते त्याच बैठकीत ठरवू. आणि तोवर निदान एका वावरातली पऱ्हाटी पेटवू नका. धुऱ्यावरही रचून ठेवू नका, अळी तिथेच दडते. तुकडे करून घ्या, वाळवा आणि बैठकीला एक पोते भरून आणा.