दात म्हणजे पितळेची भांडी नव्हेत

मराठीत आपण भांडी घासतो आणि दातही घासतो. दोन्ही कामांना क्रियापद एकच. गुजरातेत राहणाऱ्या आमच्या वाचकांच्या शेजारीही दात घासलेच जातात. आणि माळव्याकडील, ग्वाल्हेरकडील हिंदी बोलणारी मंडळी दात 'माँजतात', तेही भांडी माँजावीत तसेच. भाषेची ही सवय वरवर निरुपद्रवी असली, तरी तिच्यामागे एक समजूत दडलेली आहे. चिंच लावून जोराने घासला म्हणजे पितळेचा तांब्या जसा लखलखतो, तसे दातही जितका जोर लावावा तितके स्वच्छ होतात, अशी ती समजूत होय. अलीकडे आपल्या घरांत विजेवर चालणारे दातांचे ब्रश येऊ लागले आहेत. कोणाचा मुलगा परदेशातून येताना घेऊन येतो, तर कोणाची सून दिवाळीला सासऱ्यांच्या हाती ठेवते. यंत्र नवे, परंतु ते धरणारा हात आणि त्यामागील समजूत मात्र जुनीच, असा योग जुळला म्हणजे लाभाऐवजी हानी पदरी पडण्याचा संभव असतो. म्हणून या वेळी हा विषय घेण्याचे आम्ही योजिले आहे.

आपल्या पूर्वजांनी या कामाला 'दंतधावन' असा शब्द योजिला होता. येथे 'धावन' म्हणजे धुऊन शुद्ध करणे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दिवसातून दोन वेळा, टोक ठेचून मऊ केलेल्या काडीने दात स्वच्छ करावेत आणि तसे करताना हिरड्यांना इजा होऊ देऊ नये, असे सांगितले आहे. वाग्भटानेही अष्टांगहृदयात हीच सावधगिरी सांगितली आहे. दोन वेळा, मऊ टोकाने आणि हिरड्या सांभाळून, ही त्रिसूत्री आजचा कोणताही दंतवैद्य आनंदाने मान्य करील. मधल्या काळात राखुंडी, कोळशाची पूड, विटकरीची भुकटी असल्या खरखरीत वस्तू आपल्या मोरीत आल्या आणि 'धावन' जाऊन 'घासणे' तेवढे उरले.

जोर लावून नेमके काय साधते, हे पाहू. दातांवर रोज जो थर जमतो तो जंतूंचा एक मऊ, चिकट पापुद्रा असतो. तो निघण्यासाठी ब्रशच्या केसांचा हलका स्पर्श सर्वत्र पोहोचणे पुरेसे असते. हाच थर जागच्या जागी राहिला तर लाळेतील क्षारांमुळे कठीण होतो. त्यालाच आपण कीटण म्हणतो. कीटण ब्रशने, मग तो साधा असो वा विजेचा, कितीही जोर लावला तरी निघत नाही. ते दंतवैद्याकडूनच काढून घ्यावे लागते. म्हणजे मऊ थराला जोराची आवश्यकता नाही आणि कठीण थर जोराला दाद देत नाही. मग हा जोर जातो कोठे? तो दातांवर आणि हिरड्यांवरच खर्ची पडतो.

दातावरचे एनॅमल हा आपल्या शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा असतो. परंतु त्यात जिवंत पेशी नसतात. त्यामुळे हाड मोडले तर जुळते, कातडी सोलवटली तर नवी येते, पण झिजलेले एनॅमल पुन्हा उगवत नाही. हिरडीच्या कडेपाशी, दाताच्या मानेवर, हे कवच अगदी पातळ होत जाते. जोराच्या आडव्या घासण्याने हिरडी मागे सरकू लागते आणि मुळाचा भाग उघडा पडतो. त्या भागावर एनॅमलचे संरक्षण नसते. तो लवकर झिजतो व तेथे पाचरीच्या आकाराची खाच पडते. गार पाण्याचा घोट घेताच किंवा लोणच्याची फोड तोंडात जाताच जी कळ मस्तकात जाते, तिचे मूळ पुष्कळदा अशा खाचेत असते. मागे सरकलेली हिरडी आपोआप पूर्वस्थितीला येत नाही. उत्साहाने केलेली ही हानी कायमची ठरते, हे लक्षात ठेवावयास हवे.

विजेचा ब्रश ही तशी अगदी नवी वस्तू नव्हे. १९५४ साली स्वित्झर्लंडमध्ये 'ब्रॉक्सोडेंट' नावाचा असा ब्रश तयार झाला. ज्यांना हाताची हालचाल नीट साधत नाही अशा रुग्णांचा विचार त्यामागे प्रामुख्याने होता. आज त्याचे मुख्य प्रकार दोन. एकाचे डोके लहान व वाटोळे असून ते उजवी-डावीकडे अर्धवट फिरते. दुसऱ्याचे डोके लांबट असून ते मिनिटाला हजारो वेळा थरथरते. कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१४ साली ५६ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यात तीन महिन्यांहून अधिक काळ असे ब्रश वापरणाऱ्यांच्या दातांवरील थर साध्या ब्रशच्या तुलनेने २१ टक्क्यांनी, तर हिरड्यांचा दाह ११ टक्क्यांनी कमी आढळला. यंत्राचा उपयोग आहे, यात शंका नाही. मात्र ते योग्य रीतीने वापरले पाहिजे.

आमच्या परिचयाचे एक सेवानिवृत्त गृहस्थ आहेत. मुलीने पाठविलेला ब्रश ते चालू करीत आणि वर आपल्या हातानेही पूर्वीप्रमाणेच खसाखसा घाशीत. ब्रशच्या मुठीवर तांबडा दिवा लागे. तो पाहून 'यंत्र जोरात चालले आहे' असे त्यांना समाधान वाटे! वस्तुतः तो दिवा धोक्याचा होता. पुष्कळ यंत्रांत अशी योजना असते, की दाब वाढला म्हणजे दिवा लागतो किंवा गती मंदावते. हात हलका करा, एवढाच त्याचा अर्थ. शाळेत पहिलीतली मुले पेन्सिल इतकी दाबून धरतात की कागद फाटतो, टोक मोडते आणि अक्षर मात्र सुधारत नाही. त्यांना आम्ही सांगतो, "बाळ, बोटे सैल सोड." मोठ्यांनाही ब्रशच्या बाबतीत हेच सांगावेसे वाटते.

आता प्रत्यक्ष रीत. ब्रश मुठीत न आवळता बोटांच्या टोकांनी, लेखणीसारखा धरावा. वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. ब्रश दातांवर टेकवून मग कळ दाबावी, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. केस जेथे दात आणि हिरडी मिळतात तेथे किंचित तिरके ठेवावेत आणि एका दातापाशी दोन-तीन सेकंद थांबून पुढे सरकावे. घासण्याचे काम यंत्र करते. आपण त्याला केवळ जागोजागी नेऊन पोहोचवावयाचे. जबड्याचे वरचे-खालचे, उजवे-डावे असे चार भाग कल्पून प्रत्येकाला अर्धा मिनिट द्यावा. बाहेरची बाजू, आतली बाजू आणि चावण्याची बाजू यांपैकी एकही सोडू नये. अशी दोन मिनिटे सकाळी आणि दोन रात्री निजण्यापूर्वी. पाच-सहा मिनिटे ब्रश फिरविल्याने पुण्य वाढत नाही.

ब्रशचे डोके मऊ केसांचेच घ्यावे आणि तीन महिन्यांनी बदलावे. खरखरीत दंतमंजन किंवा कोळशाची पूड यंत्राच्या ब्रशवर कदापि घेऊ नये. ते कानशीला गती देण्यासारखे होईल. लिंबाचे सरबत, कैरीचे पन्हे, चिंचेचे सार असे आंबट पदार्थ घेतल्यावर लगेच ब्रश करू नये. आम्लाने एनॅमलचा पृष्ठभाग काही वेळ मऊ पडतो आणि तेव्हा तो सहज झिजतो. साध्या पाण्याने चूळ भरावी आणि अर्धा-पाऊण तास जाऊ द्यावा.

हात जड पडतो आहे की काय, हे ओळखण्याच्या खुणा घरच्या घरी पाहता येतात. तीन महिने होण्याआधीच केस फुलासारखे पसरले, गार-आंबट झोंबू लागले, एखादा दात पूर्वीपेक्षा लांब दिसू लागला किंवा हिरडीपाशी नखाला खाच जाणवली, तर दंतवैद्याला दाखवावे. येथे एक उलट चूकही टाळावयास हवी. हिरडीतून रक्त आले की पुष्कळजण त्या जागी ब्रश लावणेच सोडतात. रक्त येण्याचे कारण बहुधा साचलेला थर व त्यामुळे झालेला दाह हेच असते. म्हणून तेथील स्वच्छता हलक्या हाताने चालू ठेवावी, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत रक्त थांबले नाही तर वैद्याकडे जावे.

हे सारे वाचून प्रत्येकाने विजेचा ब्रश घेतलाच पाहिजे, असे मात्र नव्हे. मऊ केसांचा साधा ब्रश, हलका हात आणि दोन मिनिटांचा धीर एवढ्यावरही दात उत्तम राहतात. संधिवाताने बोटे आखडलेल्या आजीला, पक्षाघातातून उठलेल्या काकांना किंवा कोणाचे दात स्वतः स्वच्छ करून देणाऱ्या घरच्या माणसाला हे यंत्र खरोखर वरदान आहे. अशांच्या हाती ते देताना पहिले चार दिवस शेजारी उभे राहून रीत दाखवावी. नुसती पेटी हाती ठेवून निघून जाऊ नये. आणि लहान मुलांसमोर आपण स्वतः कसा ब्रश करतो, इकडेही लक्ष असावे. सातव्या-आठव्या वर्षापर्यंत मुले हे काम पाहूनच शिकतात. अति तेथे माती, ही म्हण आपण त्यांना पाठ करून घेतो. तिचा पहिला धडा मोरीतल्या आरशासमोर रोज सकाळी देता येण्याजोगा आहे.