जिन्याखालची सायकल रस्त्यावर आणा

दहावीच्या निकालानंतर हौसेने घेतलेली गिअरची माउंटन बाइक वर्षा-दोन वर्षांत जिन्याखाली धूळ खात पडते, हे अनेक घरांतले चित्र आहे. मुलगा म्हणतो, ‘फार जड चालते.’ वडील म्हणतात, ‘पैसे पाण्यात गेले.’ खरे तर बहुतेक वेळा सायकलचा दोष नसतो. तिचे टायर माती-दगडांसाठी बनलेले असतात आणि आपण तिला डांबरी रस्त्यावर चालवतो.

म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्याचेच पाहा. जुन्या शहराच्या या भागातून देवराज मार्केट, रेल्वे स्टेशन, विद्यापीठाचे मानसगंगोत्री आवार ही सारी ठिकाणे सायकलच्या टप्प्यात आहेत. गर्दीच्या बाजारात दुचाकी लावायला जागा शोधण्यापेक्षा सायकल सोयीची. याच शहरात जून २०१७ मध्ये ‘ट्रिन ट्रिन’ ही भाड्याच्या सायकलींची सार्वजनिक योजना सुरू झाली. मग घरात असलेली सायकल पडून का राहावी?

चाके बदलू नका

अनेकांना वाटते, बारीक टायर हवे तर मोठी, बारीक चाके घ्यावी लागतील. हा खर्च सहसा टाळता येतो. शिवाय ब्रेकचे रबर रिमवर घासणारे असेल, तर मोठ्या चाकाच्या रिमपर्यंत ते नीट पोहोचतच नाही. डिस्क ब्रेक असला तरी चिमट्यात जागा आहे का, मागचा हब बसतो का, हे पाहावे लागते. रिम वाकलेली किंवा घासून पातळ झालेली असेल, तरच नवे चाक घ्या आणि तेही त्याच मापाचे.

गंमत म्हणजे हे २६ इंची रुंद चाक मुळात डोंगराचे नाहीच. १९३३ साली अमेरिकेतल्या श्विन कंपनीने फुगीर टायरच्या सायकली आणल्या, त्या गावातल्या मुलांसाठी. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या तरुणांनी तसल्याच जुन्या सायकली डोंगरउतारावर पळवल्या आणि त्यातून माउंटन बाइक जन्मली.

आकडा वाचूनच टायर घ्या

दुकानात नुसते ‘२६ चा टायर द्या’ म्हणू नका. २६ × १.९५ आणि २६ × १ ३/८ ही मापे सारखी वाटतात, पण पहिल्याच्या रिमचा व्यास ५५९ मिलिमीटर असतो, दुसऱ्याचा ५९०. एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही. टायरच्या बाजूवर ५०-५५९ असा आकडा छापलेला असतो. त्यातला दुसरा आकडा तंतोतंत जुळला पाहिजे; पहिला म्हणजे रुंदी, ती कमी करता येते. २७.५ इंची चाकासाठी दुसरा आकडा ५८४, तर २९ इंचीसाठी ६२२ असतो.

रुंदी किती घ्यावी? रोजच्या रस्त्याला दीड इंच, म्हणजे ४०-५५९ च्या आसपासचा टायर चांगला. खड्डे फार असतील किंवा कॅरिअरवर भाजी-किराणा आणायचा असेल, तर पावणेदोन इंच. त्याहून फार बारीक टायर रुंद रिमवर नीट बसत नाही आणि खड्ड्यात रिमला मार बसतो.

नक्षी बेताची, जवळजवळ गुळगुळीत असावी. खोल नक्षीचे उंचवटे डांबरावर दबत-वाकत राहतात आणि पायांची शक्ती त्यातच खर्च होते. गुळगुळीत टायर पावसात घसरेल, ही भीती मात्र बाळगू नका. सायकलचा अरुंद टायर पाणी सहज बाजूला सारतो आणि त्याचे जास्त रबर रस्त्याला टेकते. चिखल, लोखंडी झाकणे आणि रंगाचे पट्टे यांवर मात्र जपूनच चालवावे. आणि गुळगुळीत म्हणजे झिजून गोटा झालेला जुना टायर नव्हे!

बसवताना

नव्या रुंदीला योग्य अशी ट्यूबही घ्या. जुनी जाड ट्यूब बारीक टायरमध्ये दुमडते आणि पंक्चर होते. व्हॉल्व्ह जुन्यासारखाच असावा. रिमवरची पट्टी फाटली असेल, तर बदलून घ्या. टायरवर बाण असेल, तर तो चाक फिरण्याच्या दिशेने ठेवा.

हवेची मर्यादा टायरवरच छापलेली असते, ती ओलांडू नका. दीड इंची टायरला साधारण ५० ते ६० पौंड हवा लागते. मागच्या चाकावर भार जास्त, म्हणून तिथे थोडी अधिक. आठवड्यातून एकदा हवा तपासावी.

दोन्ही टायर एकदम घेणे जमत नसेल, तर मागचा आधी बदला. फरक तिथेच जास्त जाणवतो. उरलेल्या पैशांत मडगार्ड, घंटी आणि मागचा लाल दिवा बसवून घ्या. मग पहिले काही दिवस सायकल जवळच्या बाजारापर्यंतच न्या. ती हलकी चालते हे एकदा पायांना कळले, की मुलगाच काय, घरातली मोठी माणसेही तिची किल्ली शोधू लागतील.