गाडीला वाकवणारे लोक

माणूस वयानं वाकतो, हे मला मान्य आहे. पण धडधाकट गाडीला विसाव्या वर्षी पैसे देऊन वाकवायचं, हे काही केल्या माझ्या डोक्यात शिरत नाही.

आमची ऑक्टाव्हिया छत्रपती संभाजीनगरचीच लेक. स्कोडानं २००१ साली शेंद्र्याला बस्तान मांडलं, आमची गाडी २००५ ची. इथले खड्डे तिला तोंडपाठ. परवा पुतण्या म्हणाला, "काका, हिला दोन इंच खाली घेऊ. काय रुबाब येतो बघा!"

आणि त्यानं कुठल्याशा गॅरेजात स्प्रिंगांचे वेढे कापून आणले. गाडी अंगणात अशी बसली, की आमचं मांजरही खालून जाण्याआधी विचार करू लागलं.

आता यातली गंमत पाहा. स्प्रिंग कापली की आखूड होते आणि ताठही होते. चाकाला वर-खाली व्हायला जागा उरत नाही. खड्डा आला की शॉकअॅब्सॉर्बर तळाला जातो आणि उरलेला हिशेब आपल्या मणक्याशी होतो. चाकांचा कल बिघडतो, टायर आतल्या कडेनं झिजतात. पुतण्या म्हणतो, वळणावर गाडी कमी कलते. कबूल! शर्यतीच्या गुळगुळीत रस्त्यावर हे शहाणपणाचंच. पण क्रांती चौकातून गुलमंडीला जाताना गाडी कलेल एवढा वेग आणायचा कुठून?

शास्त्राप्रमाणे, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसप्रमाणे, गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. आमच्या कॉलनीतला आम्हीच एका रात्री सिमेंट ओतून केला. रुंदीचं सिमेंटही उंचीलाच लागलं! त्यावर गाडी पोट टेकून बसली. मागं आई होती, वय ८२. तिला आम्ही दोघांनी विहिरीतून घागर काढावी तशी बाहेर काढली. ती एवढंच म्हणाली, "पुढच्या वेळेपासून मी दवाखान्यात रिक्षानं जात जाईन रे."

हे मात्र मला लागलं. घरातली म्हातारी माणसं ज्या गाडीत बसायला भितात, तिचा रुबाब काय चाटायचाय? सुधारणा करायचीय ना? जुने शॉकअॅब्सॉर्बर बदला, झिजलेले बुश बदला, मूळ उंचीच्या नव्या स्प्रिंगा घाला. पण या सुधारणा दिसत नाहीत, नुसत्या जाणवतात. आणि जाणवणाऱ्या गोष्टींवर हल्ली कोण खर्च करतो?

मलिक अंबरानं १६१२ साली भडकल दरवाजा बांधला, तो मान वर करून पाहावा असा. त्याच्याखालून आम्ही जमीन खरवडत जाणार!

शेवटी मी नव्या स्प्रिंगा बसवल्या. पुतण्या आठ दिवस बोलला नाही. आई मात्र परवा दवाखान्याच्या दारात गाडीतून आपल्या पायांनी उतरली.